आपट्याच्या वाडीतला नमुना

रिबेका, निकाल आला.

तुझ्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला. वर तुझंच नाव होतं, मला फक्त प्रत होती. बंगळूरच्या त्या प्रयोगशाळेला तू गेल्याचं कुणी कळवलं नव्हतं. कळवायचं काम माझं होतं आणि त्या दिवशी ज्यांना फोन करायचे होते त्यांत मी त्यांना धरलंच नव्हतं. मेल न उघडता मी चहा प्यायले, डबा भरला, कपडे वाळत घातले. आलेला मेल मी असा पडू देत नाही, तुला माहीत आहे. पण त्या निकालाची वाट तू बघत होतीस आणि तो तुझ्याआधी मी वाचायचा, हे मला जमेना.

सुगंधाची नर्सरी त्या निकालावर अडकलेली होती. तुला हे सांगायला नको. पण हा मजकूर दुसरेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. पळस्प्याच्या पुढे सुगंधाची आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे. आपट्याच्या आसपासच्या बागांमध्ये आंब्याच्या कोवळ्या फांद्या टोकापासून वाळायला लागल्या, खोडांवर टाचणीएवढी भोकं दिसायला लागली, भोकांतून शेवयांसारखा भुसा बाहेर यायला लागला. हा खोडभुंगेरा आपल्याकडचा नव्हता. ज्यांच्या बागा वाळल्या त्यांतल्या बऱ्याच जणांनी कलमं सुगंधाकडून आणली होती. तेवढं पुरलं. कीड सुगंधाने आणली, असं गावाने ठरवून टाकलं. तू आणि मी कॉलेजच्या आपल्या लहानशा प्रयोगशाळेत बसून त्या भुंगेऱ्याच्या जनुकांवरून तो कुठून कुठे गेला ते शोधत होतो. तू शास्त्रज्ञ, मी प्रयोगशाळेची व्यवस्था बघणारी.

पण आधी तुझ्या दफनाचं सांगते. तू तिथे होतीस, पण तुला काही बघता आलं नाही.

दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय मृतासाठीची कद्दीश प्रार्थना म्हणता येत नाही, हे मला तुझ्यामुळे माहीत होतं. तुझ्या बाबांच्या वेळी तू म्हणाली होतीस, ‘आमच्यात मरायचं म्हणजे आधी उपस्थिती लागते.’ तुझे भाऊ सॅमीदादा अजून विमानात होते. मी फोन घेतला आणि सुरुवात केली. पनवेल, पेण, अलिबाग, ठाणे. तुझ्या डायरीतले निम्मे नंबर आता परदेशात वाजतात. एका बाईंनी इस्रायलमधल्या अश्दोदहून फोन उचलला, पाच मिनिटं रडल्या आणि मग पेणच्या भाच्याचा नंबर दिला. असं करत करत नऊ झाले. सिनेगॉगच्या दारात आपट्याचा बाळाराम उभा होता. तोच बाळाराम, ज्याने सुगंधाचं नाव सगळ्यात आधी घेतलं. तुझ्या बाबांचा शेजारी म्हणून आला होता. त्याने हळूच मला विचारलं, ‘ताई, मी धरून दहा होतील का?’

तुमच्यातल्या म्हाताऱ्या काकांनी ते ऐकलं. म्हणाले, ‘बाळाराम, तू आमचाच आहेस. पण इथल्या मोजणीत बसत नाहीस रे.’

‘मंग बाहेर उभा राहतो,’ बाळाराम म्हणाला. ‘मोजू नका. उभा राहतो.’

मग दहावा, तो पेणचा भाचा, स्कूटरवरून आला, डोक्यावर हेल्मेट तसंच. काका म्हणाले, डोकं झाकलेलं आहे ना, चालेल. त्या क्षणी सवयीने मी तुझ्याकडे बघायला वळले. असं काही झालं की आपण एकमेकींकडे बघायचो.

आपण एकमेकींना ‘मॅडम’ म्हणायचं कधी सोडलं, ते मला नीट आठवतं. फ्रीजर बंद पडला होता आणि तुझे फळमाशीचे नमुने वितळायला लागले होते. मी आईस्क्रीमवाल्याकडून बर्फ आणि थर्मोकोलचे खोके घेऊन आले. तू म्हणालीस, ‘अहो मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?’ मी म्हटलं, ‘सुचलं नाही. फ्रीजर बंद पडल्यावर काय करायचं ते मी लिहून ठेवलेलं आहे.’ तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, ‘अगं बाई!’ तिथून पुढे अगं-तुगंच. तू मला ‘यादीवाली’ म्हणायचीस आणि प्रत्येक फिरतीला स्पिरिटच्या बाटल्या विसरायचीस. बाटल्या माझ्याकडेच असायच्या, हे तुला माहीत होतं. तुझं विसरणं निम्मं ढोंग होतं, असा माझा संशय आहे.

सुगंधा पहिल्यांदा प्रयोगशाळेत आली ती रागाने. हातात वाळकी फांदी होती, ती तिने आपल्या टेबलावर टाकली.

‘बाई, आमी कलमं बांधतो. किडं नाय पाळत.’

‘बस,’ तू म्हणालीस.

‘बसायला नाय आले. बाळाराम बोलतो, सुगंधानं विलायती किडा आणला. मी कधी विमानात बसले? मी मुंबईला पण वर्षातनं एकदा जाते!’

तू हसलीस. मला वाटलं, ही बाई आता उठून जाणार. पण तीही हसली आणि बसली. मग तू ती फांदी उभी चिरलीस आणि तिला भिंगाखाली दाखवलं. आत काळपट बोगदा, बोगद्यात तिळापेक्षा लहान भुंगेरे. तू तिला सांगितलंस की मादी उडते तेव्हा तोंडातल्या पिशवीत बुरशीचं विरजण घेऊन उडते. नव्या फांदीत भोक पाडलं की आतल्या भिंतींना ते विरजण लावते, आणि पिल्लं लाकूड खात नाहीत, ती बुरशी खातात. झाड मरतं ते बुरशीने.

‘म्हणजे माहेरचं विरजण घेऊन सासरी जाते,’ सुगंधा म्हणाली.

‘बरोबर. फक्त सासर नाही. तिचं लग्न भावाशीच झालेलं असतं, बोगद्यातच.’

‘शी! असलं माझ्या कलमात?’

त्या भाऊ-बहिणींच्या लग्नातच तुझी सगळी अडचण होती. ती मला समजायला वेळ लागला. एकाच घराण्यातला वंश वाढत राहिला तर सगळे भुंगेरे जवळजवळ एकसारखे होतात. सुगंधाच्या नर्सरीतला भुंगेरा आणि बाळारामच्या बागेतला भुंगेरा, दोघांची पहिली तपासणी आली तेव्हा दोन्ही सारखेच निघाले. मी म्हटलं, ‘झालं. सुगंधाकडूनच गेला.’

‘सारखे आहेत, एवढंच कळलं. कुठून कुठे गेला ते यात कुठे आहे?’ तू म्हणालीस.

मग तू मलिद्याची परात काढलीस. म्हणजे बोलण्यात. तुमच्या घरी नवस फेडताना एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा होतो. गोड पोहे, खोबरं, खजूर, केळी, आणखी फळं असं सगळं एका मोठ्या परातीत मांडतात, प्रार्थना होते आणि मग बश्यांत वाटतात. मी तुझ्याकडे दोनदा खाल्ला आहे. तू म्हणालीस, ‘परातीतून बशीत काढताना प्रत्येक बशीत सगळं येतंच असं नाही. एखाद्या बशीत खजूर येत नाही. पण बशीत जे आहे ते परातीत असतंच. तेव्हा कुणाकडे कमी प्रकार आहेत आणि कुणाकडे सगळे आहेत, ते बघायचं. सगळे असतील ती परात.’

त्यासाठी साधी तपासणी पुरणार नव्हती. प्रत्येक भुंगेऱ्याची जनुकं आणखी बारकाईने वाचायला हवी होती आणि नमुने खूप जास्त हवे होते. वेळ लागणार होता. इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटलेलं नाही.

पावसाच्या तोंडावर कलमं विकली जातात. तोच सुगंधाचा हंगाम. मी तुला म्हटलं, तिला कॉलेजच्या कागदावर चार ओळी लिहून दे. तपास चालू आहे, दोष सिद्ध झालेला नाही, एवढंच. तू म्हणालीस, ‘दोष सिद्ध झालेला नाही असं लिहिलं की लोक वाचतात, दोष आहे.’ मी म्हटलं, ‘काही लिहिलं नाही तरी लोक तेच वाचतायत.’ तू मान हलवलीस. ‘अर्धवट निकाल मी देत नाही, वंदना.’ आणि तू भिंगाकडे वळलीस. बोलणं संपवायची ती तुझी पद्धत मला कधीच आवडली नाही.

त्या पावसात सुगंधाची कलमं नर्सरीतच राहिली. काळ्या पिशव्यांमधून मुळं बाहेर आली आणि जमिनीत शिरली. मी एकदा गेले होते, तेव्हा ती पिशव्या उपटून ओळीने आडव्या ठेवत होती. मला म्हणाली, ‘औंदा एक कलम गेलं नाय. बाईंना सांगू नका,’ आणि पुढची पिशवी उपटायला वाकली. मी तुला ते सांगितलं. तू त्या दिवशी जेवली नाहीस. तरी पत्र दिलं नाहीस. रिबेका, मला अजून वाटतं, तू चार ओळी द्यायला हव्या होत्यास. तू गेलीस म्हणून माझं मत बदललेलं नाही.

तू कठोर होतीस असं मात्र कुणी म्हणू नये. त्या भुंगेऱ्याशीसुद्धा तू न्यायाने वागायचीस. पेपरात ‘परदेशी किड्याचं आक्रमण’ असा मथळा आला तेव्हा तू सकाळीच चिडलेली होतीस. ‘आक्रमण कसलं? तो लाकडात झोपला होता. लाकूड आपण उचललं, जहाजात आपण भरलं, ट्रकमधून आपण आणलं.’ मी गमतीने म्हटलं, बाहेरून आलेल्यांची बाजू तू घेणारच, तुझेही पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला बाहेरूनच लागले. तू हसशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, ‘माणसांना किड्यांची उपमा देऊ नये आणि किड्यांना माणसांची. दोघांचाही अभ्यास बिघडतो.’ त्यानंतर मी तो विनोद पुन्हा केला नाही. पण बरोबर तूच होतीस, हे मी तुला कधी म्हटलंही नाही. आता म्हणते.

नमुन्यांच्या जागा मी ठरवल्या होत्या. तक्रार आलेल्या बागा, सुगंधाची नर्सरी, कीड न दिसलेल्या थोड्या बागा आणि पळस्प्यापासून उरणच्या रस्त्यापर्यंतची लाकडाची यार्डं. बंदरात उतरलेल्या मालाखालचं लाकूड तिथे विकायला येतं. जहाजात माल हलू नये म्हणून ठोकलेले ठोकळे, ओंडके, फळ्या. पनवेलमध्ये कुणाच्या घरी ते लाकूड नाही? कोंबड्यांची खुराडी त्याची, पडव्या त्याच्या, आपल्या प्रयोगशाळेचं टेबलही त्याचंच. स्वस्त आणि दणकट. तू माझा कागद वाचलास आणि खाली पेन्सिलने लिहिलंस, ‘आमची वाडी.’

‘तिथून कुठे तक्रार आली आहे?’ मी विचारलं.

‘तक्रार करायला तिथे आहे कोण?’ तू म्हणालीस.

खरंच होतं. बाबा गेल्यावर वाडीत कुणी राहत नव्हतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती आपट्याला लावली, नदीच्या बाजूने. मधोमध तो मोठा आंबा, ज्याच्या काड्या कलमासाठी न्यायला सुगंधाला त्यांनी कायमची मुभा दिली होती. आपण नमुने घ्यायला गेलो त्या सकाळी तू झाडापाशी आधी गेली नाहीस. झोपडीपाशी गेलीस. बाबांच्या माघारी तू बांधून घेतलेली ती बसायची झोपडी. ती बांधताना मीही तिथे होते, थर्मास घेऊन. लाकूड यार्डातलं होतं, काही ओंडक्यांवर साल तशीच होती. सुताराने विचारलं होतं, ‘बाई, साल तासू का?’ आणि तू म्हणाली होतीस, ‘राहू दे. जंगलात बसल्यासारखं वाटतं.’ तेव्हा तू फळमाशीवर काम करायचीस. खोडभुंगेऱ्याचं नावही आपल्या तोंडी नव्हतं.

त्या सकाळी झोपडीच्या खांबावर टाचणीएवढी भोकं होती. जुनी, कोरडी. तू त्यांच्यावरून नख फिरवलंस. मी विचारलं, ‘हेच का?’

‘भोकं काय, कशाचीही असतात,’ तू म्हणालीस. मग झाडाकडे वळून मला दाखवत गेलीस. ही फांदी घे, ती घे, त्या बाजूचीही घे. कुठल्याच बागेतून आपण इतके नमुने घेतले नव्हते.

तुला तेव्हाच कळलं होतं का? हॉस्पिटलमध्ये हे विचारायचं माझ्या मनात होतं. मी आले की ‘दुखतंय का?’ हे माझ्या तोंडातून निघण्याआधी तू विचारायचीस, ‘आला?’ मी नाही म्हणून मान हलवायचे. मग आपण फ्रीजरविषयी बोलायचो, कुणाच्या सुट्टीविषयी बोलायचो. माझा प्रश्न राहिला तो राहिलाच. आजारी माणसाला असं काही विचारू नये, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तू ‘हो’ म्हणालीस तर सुगंधाच्या त्या हंगामाचं काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

मेल मी शेवटी तुझ्याच घरी उघडला. सॅमीदादा पहाटे पोचले होते. आरशांवर पांढरी चादर, जमिनीवर चटई, आणि तुझे एवढे उंच भाऊ चटईवर पाय दुमडून बसलेले. इतकी वर्षं परदेशात काढून मराठी अगदी तुझ्यासारखंच. मी त्यांना निकाल वाचून दाखवला आणि मलिद्याच्या परातीवरूनच समजावला. तुझ्या वाडीतल्या त्या आंब्यावर भुंगेऱ्याचे सगळे वंश सापडले. सुगंधाच्या नर्सरीत त्यांतले दोनच. जिथे तिची कलमं गेली त्या बागांत तेच दोन. आणि बाळारामच्या बागेत तुझ्या वाडीतला असा एक वंश निघाला, जो सुगंधाकडे अजिबात नाही. तिच्याकडून तो आलाच नसता. कुंपणापलीकडून आला.

म्हणजे परात तुमच्या वाडीत होती. सुगंधाने तिथून काड्या नेल्या आणि न कळत पुढे वाटल्या. कीड तिच्या कलमांतून काही बागांत गेली, हे खरंच आहे. पण तिने ती आणली नाही. तिला ती तुमच्या झाडाने दिली.

‘आणि झाडाला?’ सॅमीदादांनी विचारलं.

मी झोपडीचं सांगितलं. सालीचंही सांगितलं. यार्डातल्या लाकडात सापडलेले भुंगेरे जवळचे आहेत पण अगदी तेच नाहीत, तेव्हा लाकडातून आला हे सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं. तू असतीस तर ते वाक्य मला गाळू दिलं नसतंस.

त्यांनी चटईची एक काडी उपसली. मग म्हणाले, ‘अहवालात जागांची नावं असतात का?’

‘नाही. क्रमांक असतात.’

‘मग क्रमांकच राहू दे ना. सुगंधाबाईने आणला नाही, एवढं सांगितलं की झालं. रिबेका गेली. पुढल्या आठवड्यात मीही जाईन. या गावात आमचं एवढं नावच उरलंय, वंदनाताई. ते भुंगेऱ्याच्या खाली कशाला लिहायचं?’

मला त्यांचा राग आला नाही. मीही मनातल्या मनात तेच चाचपून बघितलं होतं. पण आपट्याला जाऊन ‘सुगंधाने आणला नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न काय येईल, तेही मला माहीत होतं. मग कुणी आणला? उत्तर दिलं नाही तर लोक आपलं जुनंच उत्तर धरून बसतील. मी त्यांना म्हटलं, दुखवट्याचे सात दिवस होऊ देत, मग बघू.

त्या सात दिवसांत सुगंधा भेटायला आली. उंबऱ्याच्या आतच बसली, पदर तोंडाला लावून. तिला सॅमीदादांना काय म्हणावं कळेना, म्हणून म्हणाली, ‘तुमचे बाबा फार चांगले होते. झाडावर चढायचं असलं की आधी मला चहा द्यायचे.’ मग तुझ्यासाठी रडली, खरंखुरं. निकाल माझ्या पिशवीत होता. तिने विचारला नाही. दुखवट्याच्या घरी स्वतःचं काम काढायचं नाही, एवढा तिचा रिवाज. जाताना माझा हात दाबून म्हणाली, ‘ताई, आता ते कागदांचं काम तुमी बघाल ना?’ मी ‘हो’ म्हटलं. ती गेल्यावर सॅमीदादा म्हणाले, ‘हिला एका शब्दाने विचारता आलं असतं.’

‘हो.’

‘आठवडा संपला की आपण दोघे जाऊ,’ ते म्हणाले. ‘नावासकट सांग. फक्त मी तिथे असताना सांग, माझ्या माघारी नको.’

आम्ही गेलो. सुगंधाला आधीच वाडीत बोलावलं, बाळारामला आणि ज्यांच्या बागा वाळल्या त्यांनाही. मी तुझ्यासारखी शिकवू शकत नाही. मुद्दे लिहून नेले होते, ते एकामागून एक सांगितले. परात सांगितली, बश्या सांगितल्या. झोपडीच्या खांबावर हात ठेवून सांगितलं की बहुधा या लाकडातून, आणि हे लाकूड डॉक्टर रिबेका आपटेकरांनी आणवलं. तुझं नाव मी हातातल्या कागदाकडे बघत हळूच घेतलं. मी थांबले, पाणी प्यायले, उरलेले मुद्दे सांगितले.

बाळाराम झोपडीकडे बघत होता. त्याच्या स्वतःच्या गोठ्याला तेच लाकूड आहे.

सुगंधानेच तोंड उघडलं. ‘बाईंना ठाऊक होतं काय?’

‘मला माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘मी विचारलं नाही.’

‘माझा आखा पाऊस गेला, ताई.’

‘हो. माहीत आहे.’

तिने त्या आंब्याकडे बघितलं, ज्याच्यावर ती वर्षानुवर्षं काड्या तोडायला चढली होती. सॅमीदादा पुढे झाले आणि काहीतरी म्हणायला लागले, माफीचंच असावं. तिने हाताने त्यांना थांबवलं.

‘आता लोक बाईंचं नाव घेतील,’ ती म्हणाली.

‘घेतील,’ मी म्हटलं.

‘घेऊ दे. बाई ऐकायला नायत. मी हाय. मला रोज बाजारात ऐकावं लागतं.’

मला ते लागलं, रिबेका. क्षणभर फार लागलं. आठवड्यापूर्वी तुझ्यासाठी रडलेली बाई असं कसं बोलते, असं वाटलं. मग कळलं की दुखवट्याच्या घरी ती जे बोलली नव्हती ते आता बोलते आहे. तुझ्यावरचा तिचा लोभ आणि तिचा गेलेला पाऊस, दोन्ही तिच्याजवळ आहेत, आणि एकासाठी दुसरं गिळून टाकायला तिला कुणी सांगू शकत नाही. मीही नाही. चार ओळींच्या त्या पत्रावरून मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे की. तरीही, पेन्सिलने ‘आमची वाडी’ असं लिहायला तुझा हात अडखळला नाही, हे मी कुणालाही सांगेन. ते तीन सेकंदांचं काम होतं. ते तू केलं नसतंस तर आज कुठल्याही नमुन्यात परात सापडली नसती आणि सुगंधाची सुटका झाली नसती.

मग कामाचं बोलणं सुरू झालं. वाळक्या फांद्या कुठवर छाटायच्या, कुठे जाळायच्या, झोपडीचं लाकूड त्यातच घालायचं का. सॅमीदादा म्हणाले, घाला. बाळाराम करवत आणायला निघाला, चार पावलं गेला आणि परत आला.

‘सुगंधा, चुकलं माझं,’ तो तिच्या पायांकडे बघत पुटपुटला.

‘काय?’

‘चुकलं म्हणतो.’

‘मोठ्यानं बोल. माझं नाव घेतलंस तवा मोठ्यानं घेतलंस. चावडीवर उभा राहून घेतलंस.’

लोक हसायला लागले. बाळाराम लाल झाला, मग त्यालाही हसू फुटलं, मग ते आवरून त्याने छाती भरून घेतली आणि ओरडला, ‘चुकलं माझं! सुगंधानं किडा आणला नाय!’ पलीकडच्या बागेतून कुणीतरी ‘काय झालं रे?’ म्हणून विचारलं, तर त्याने तेच पुन्हा ओरडून सांगितलं.

एवढ्या मोठ्याने सांगायला हवं असतं ते. मघाशी तुझं नाव घेताना माझा आवाज पहिल्या ओळीतल्या माणसांनाच जेमतेम पोचला होता. म्हणून मी सगळ्यांना पुन्हा बसवलं आणि ते परत सांगितलं, मागच्यांना ऐकू जाईल असं. तुझ्या पूर्ण नावासकट.